बिनकानी सीलचे कुळ

नाकावर चेंडू तोलणारा ‘सील’ आपण चित्रांत पाहतो, तो बहुधा समुद्रसिंह असतो. त्याला बाहेर दिसणारे इवलेसे कान असतात. बिनकानी सीलच्या डोक्यावर मात्र नुसती कानाची भोके दिसतात. शिवाय त्याचे मागचे पाय पुढे वळत नाहीत, म्हणून जमिनीवर तो पोटावर सरपटत चालतो.

बिनकानी सीलच्या कुळाचे शास्त्रीय नाव फोसिडी. त्यात आज १८ जाती मानतात आणि त्यांची दोन उपकुळे होतात. फोसिनी हे मुख्यतः उत्तरेकडचे. सायबेरियाच्या बैकाल सरोवरात, गोड्या पाण्यात राहणारा सील यातलाच. मोनाकिनीत अंटार्क्टिकाचा लेपर्ड सील, अवाढव्य हत्ती-सील आणि उबदार समुद्रातले मंक सील येतात.

मंक सीलच्या भूमध्य सागरी, हवाई आणि कॅरिबियन अशा तीन जाती पूर्वी एकाच प्रजातीत धरत. यांपैकी कॅरिबियन सील १९५२ नंतर कोणाला दिसला नाही. पुढे संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून कळले, की तो आणि हवाईचा सील हे सख्खे भाऊबंद, भूमध्य सागरातला मात्र दूरचा. म्हणून २०१४ मध्ये त्या दोघांसाठी ‘निओमोनाकस’ ही वेगळी प्रजाती केली गेली.

यामुळे हवाईचा सील आपल्या प्रजातीत एकटा उरला आणि भूमध्य सागरातलाही आपल्या प्रजातीत एकटाच. वर्गीकरण म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. कोणता प्राणी गेला तर अख्खी शाखाच खुंटेल, हे त्यातून कळते.