शोभेचा भुईमूग: नारळ-सुपारीच्या बागेत फुलणारे जिवंत आच्छादन

कोकणातील नारळ-सुपारीच्या बागेत पावसाळा सुरू झाला की दोन-तीन वेळा तरी बेणणी करावी लागते. मजूर वेळेवर मिळत नाहीत. मिळाले तरी मजुरी आणि ग्रास कटरचे इंधन यांचा खर्च दरवर्षी वाढतच जातो. मग अनेक बागायतदार तणनाशकाकडे वळतात. गवत मरते, पण उतारावरची उघडी पडलेली जांभी माती पावसाच्या सरींबरोबर वाहून जाते आणि दोन महिन्यांत नवे तण हजर होते. अशा बागेसाठी शोभेचा भुईमूग हा चांगला उपाय आहे. मात्र तो सगळीकडे चालत नाही आणि पहिल्या वर्षी मेहनत मागतो. या दोन गोष्टी आधी समजून घेऊनच लागवड करावी.

ही वनस्पती आपल्या भुईमुगाच्याच कुळातील, अरॅकिस पिंटॉय या नावाची. मूळ ब्राझीलची. जिराल्डो पिंटो या ब्राझिलियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1954 मध्ये तिचे नमुने गोळा केले, त्यावरून हे नाव पडले. पाने भुईमुगासारखीच चार पर्णिकांची, फुलेही तशीच पिवळी, पण झाड बहुवर्षायू असते. जमिनीलगत वेल पसरतो आणि प्रत्येक पेराला मुळे सुटतात. उंची साधारण 15 ते 20 सें.मी. राहते, दाट सावलीत थोडी जास्त. ओलावा असेल तर वर्षातील बहुतेक काळ फुले येतात. मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र स्थिर होतो.

रोपवाटिकेत नीट पाहून घ्यावे

जमीन झाकणारी, पिवळ्या फुलांची आणखी एक वनस्पती रोपवाटिकांत सर्रास मिळते, ती म्हणजे वेडेलिया. तिचे फूल छोट्या सूर्यफुलासारखे असते आणि पाने जाड, कडेला दाते असलेली. वेडेलिया बागेत लावू नये. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील सर्वांत घातक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. व्हाळ, पाट आणि रस्त्याच्या कडेने ती बागेबाहेर पसरते आणि मग काढणे कठीण होते. ओळख सोपी आहे: चार पर्णिका आणि भुईमुगाचे फूल दिसले तरच रोप घ्यावे.

परदेशी बागांच्या चित्रांत जमिनीवर पसरलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे जिरेनियम पाहून काही जण त्याची चौकशी करतात. ते थंड प्रदेशातील झाड आहे, कोकणच्या उष्ण-दमट हवेत तगत नाही. तेलासाठी आपल्याकडे लावतात ते जिरेनियम तर वेगळेच.

कुठे लावावे, कुठे नाही

आम्लधर्मी जांभी जमीन, भरपूर पाऊस, झाडांची विरळ सावली आणि उन्हाळ्यात पाण्याची सोय, असे जिथे आहे तिथे हे आच्छादन उत्तम जमते. म्हणजेच पाण्याखालील नारळाची बाग ही त्याची हक्काची जागा. सुपारीतही चालते, पण एक अडचण आहे. गळून पडलेली सुपारी या दाट गादीत सापडत नाही. त्यामुळे काढणीच्या हंगामाआधी आच्छादन जमिनीपासून 5 सें.मी.वर कापून घ्यावे. जायफळ आणि कोकम यांची फळेही खालून वेचायची असतील तर हेच करावे.

हापूसच्या बागेत मी याची शिफारस करत नाही. आंब्याला मोहोर येण्यापूर्वी पाण्याचा ताण लागतो. आच्छादन हिरवे ठेवण्यासाठी त्या काळात पाणी दिले तर मोहोराऐवजी पालवी फुटते. पाणी दिले नाही तर कातळावर आच्छादन विरळ होऊन जाते. दोन्हीकडून नुकसान.

घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. घराभोवतीच्या छोट्या वाफ्यात प्रति लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट व 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून फवारणी करता येईल, पण एकरभर क्षेत्रासाठी हा उद्योग करू नये. खारट जमीन व खारे पाणीही याला मानवत नाही.

लागवड

मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत लागवड करावी. त्यापूर्वी हरळी आणि लव्हाळा मुळासकट, गाठींसकट खणून काढावा. एवढे एक काम टाळले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण हे दोन्ही तण आच्छादनातूनही वर येतात.

पक्व वेलाचे 15 ते 20 सें.मी. लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे घ्यावेत. दोन पेरे मातीत दाबून 30 × 30 सें.मी. अंतरावर लावावेत. या अंतराने गुंठ्याला सुमारे 1,100 तुकडे लागतात आणि सलग एकराला 45,000 च्या आसपास. एवढे विकत घेऊ नयेत. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांत स्वतःचे बेणे तयार करावे. एक चौरस मीटर दाट गादीतून पुढच्या वर्षी दहा चौरस मीटरला पुरेल एवढे तुकडे सहज निघतात. मुळे फुटलेले तुकडे थोड्या मातीसह उचलावेत, म्हणजे गाठी तयार करणारे जिवाणूही नव्या जागी जातात. माडाच्या बुंध्याभोवती 1.8 मीटर त्रिज्येचे आळे मोकळे सोडावे. खत-पाणी तिथेच द्यायचे असते.

पहिले तीन-चार महिने

वेल सुरुवातीला अगदी सावकाश वाढतो. या काळात तीन वेळा हाताने बेणणी करावीच लागते, आणि बहुतेक लागवडी इथेच फसतात. गवत वर गेले की तुकडे सावलीत गुदमरतात. जमीन पूर्ण झाकायला सहा ते आठ महिने लागतात. तोपर्यंत गुरे-शेळ्या आत सोडू नयेत, कारण हा पाला त्यांना फार आवडतो. पुढे हाच पाला कापून चारा म्हणून वापरता येतो.

फेब्रुवारी ते मे दरम्यान आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. उन्हाळ्यात पाने फिकट, धुरकट दिसली तर खालून लाल कोळी पाहावा. बहुधा पाण्याचा ताण पडल्याचीच ती खूण असते.

नत्र स्थिर होतो म्हणून माडाची खतमात्रा लगेच कमी करू नये. तो नत्र पाला कुजल्यावरच मातीत मिळतो. सापाची भीती असलेल्या बागेत ये-जा करण्याच्या वाटा 60 सें.मी. रुंद व मोकळ्या ठेवाव्यात आणि गादी वर्षातून दोनदा कापावी. भाजीच्या वाफ्यालगत मात्र लावू नये. वेल वाफ्यात शिरला की खुरपणी कायमची मागे लागते.