आबांची गिनती

फौजेत संध्याकाळी गिनती होते. जवान रांगेत उभे राहतात, माणसं मोजली जातात, उद्याची कामं सांगितली जातात. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सिग्नलमधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले, त्याला पस्तीसेक वर्षं झाली. गिनती काही सुटलेली नाही. एसटीतून उतरलं की ते माणसं मोजतात, पंगतीत पानं मोजतात. आणि युद्धपट बघताना तर मोजतातच: गेले किती, परतले किती.

२०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. तीन दिवस सुट्टी आणि बाहेर धो धो पाऊस. आठवीतल्या माझ्या मुलाने युद्धपट पाहिले होते ते मोबाइलवर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे. म्हटलं, या वेळी आजोबांबरोबर अख्खे बघू.

झेंडावंदन आटोपून पहिला लावला ‘हकीकत’. चेतन आनंद यांचा, १९६४ चा, कृष्णधवल. १९६२ च्या लडाखमधल्या लढाईवरचा हा चित्रपट युद्धानंतर दोनच वर्षांत निघाला. जखम ओली असताना हरलेल्या युद्धावर चित्रपट काढायचा, तोही प्रत्यक्ष लडाखमध्ये जाऊन, ही साधी गोष्ट नव्हती. आपल्या तुकडीपासून तुटलेले जवान मागे मागे सरकत राहतात आणि एकेक जण गळत जातो. मधेच घरच्या आठवणींचं ते गाणं येतं. रफी, तलत, मन्ना डे आणि तेव्हा अगदी नवा असलेला भूपिंदर. आई स्वयंपाकघरातून हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली, गाणं संपल्यावरच आत गेली.

मुलाला एक कळेना. “आबा, हे एवढे हळू का गोळ्या मारतायत?” आबा उठले आणि कोपऱ्यात निथळत ठेवलेली छत्री घेऊन आले. छत्री खांद्याला लावली. “ही थ्री-नॉट-थ्री. एक गोळी सुटली की बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. मग दुसरी. आता हे हातमोजे घालून कर. सोळा हजार फुटांवर.” छत्रीतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. मुलाने चार वेळा बोल्ट ओढून बघितला आणि गप्प बसला.

‘हकीकत’च्या कथेमागे रेझांग लाची लढाई आहे असं सांगतात. १८ नोव्हेंबर १९६२ ला १३ कुमाऊँ पलटणीच्या चार्ली कंपनीचे सुमारे १२० जवान मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली त्या खिंडीत लढले आणि शंभराहून अधिक तिथेच पडले. हिवाळा सरल्यावर मृतदेह सापडले, तेव्हा अनेकांच्या हातात शस्त्रं तशीच होती. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मी हे वाचून दाखवलं. आबांनी फक्त आकडा पुन्हा विचारला.

शनिवारी गल्लीत हंडी फुटली आणि घरात ‘बॉर्डर’ सुरू झाला. हा माझ्या पिढीचा सिनेमा. १९९७ मध्ये तो थिएटरात पाहिला तेव्हा शिट्ट्यांनी कान बधिर झाले होते. सुरुंग घेऊन रणगाड्यावर झेप टाकणारा सुनील शेट्टीचा भैरोसिंग बघून मी ढसाढसा रडले होते. या वेळीही डोळे भरून आले. तेवढ्यात मुलगा मोबाइल नाचवत ओरडला, “आई, हे तर जिवंत होते!”

खरंच होते. भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलात लान्स नायक होते. ‘बॉर्डर’ ज्या लढाईवर आहे त्या लोंगेवालात लढले, सेना पदक मिळवलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वृद्धापकाळात वारले. पडद्यावर स्वतःला मरताना पाहूनही ते पंचवीस वर्षं जगले. आबा मिशीत हसले. “पडद्यावर मेलेल्याला पेन्शन द्यावी लागत नाही.”

मग मी लोंगेवालाचा हिशेब काढला. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान. समोर पाकिस्तानचे चाळीसहून अधिक रणगाडे. सिनेमा बघताना वाटतं, आपले बहुतेक सगळे गेले. नोंदीत मात्र आपले दोन जवान कामी आले. हे कसं झालं? चौकी वाळूच्या उंचवट्यावर होती. रणगाडे वाळूत रुतत होते. तारेचं कुंपण बघून सुरुंग पेरले असतील या शंकेने शत्रू थबकला. जीपवरच्या तोफेने पुढचे रणगाडे टिपले. जैसलमेरची हंटर विमानं रात्रीच्या अंधारात मारा करू शकत नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा एवढंच काम होतं. उजाडलं, विमानं आली आणि उघड्या वाळवंटातले रणगाडे लपणार कुठे?

आबा म्हणाले, “कमी माणसं गमावून जिंकला, हीच त्या मेजरची हुशारी. तीच सिनेमावाल्याने खोडून टाकली.”

सबंध सुट्टीत मला लागलेली गोष्ट हीच. सिनेमाला मरणाशिवाय शौर्य दाखवता येत नाही. ‘बॉर्डर’चे दिग्दर्शक जे. पी. दत्तांचे भाऊ हवाई दलात वैमानिक होते आणि अपघातात गेले. त्यांच्या चित्रपटात दुःख उतरलं तर नवल नाही. शिवाय ते स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष, लोकांना विजय हवा होता आणि त्यासाठी रडायलाही हवं होतं. आम्ही दोन्ही केलं. पण फौजी माणूस यश वेगळ्या मापाने मोजतो: संध्याकाळच्या गिनतीला किती उभे राहिले?

रविवारी ‘विजेता’ लावला. १९८२ चा, गोविंद निहलानींचा; निर्माते शशी कपूर, पटकथा आपल्या दिलीप चित्र्यांची. यात युद्ध येतं ते उशिरा. त्याआधी एक गोंधळलेला पोरगा खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मिग-२१ च्या कॉकपिटपर्यंत कसा पोचतो, ते सावकाश दिसतं. मुलाला ते रटाळ वाटेल अशी मला भीती होती, पण तो विमानांवर खिळला होता. तेच मिग-२१ महिन्याभराने, २६ सप्टेंबरला, साठ वर्षांहून अधिक सेवेनंतर चंदीगडला निवृत्त झालं.

आबांनी ‘विजेता’ एकदाच पाहिलेला, सुट्टीवर आले असताना. शेवट आठवत नव्हता. युद्ध सुरू झालं, विमानं उडाली आणि गावची लाइट गेली. खिडकीबाहेर पाऊस तेवढा ऐकू येत होता. मुलगा म्हणाला, “आबा, थांबा, मोबाइलवर पुढची गोष्ट वाचून दाखवतो.”

“गोष्ट राहू दे,” अंधारातून आबा म्हणाले. “पोरगं परत आलं का, तेवढं बघ.”