लाखोळीतले विष कसे सापडले

सूप असले म्हणजे धानातले फोल उडवता येते. चाळणी असली म्हणजे कणी वेगळी होते. पण पाण्यात विरघळलेल्या दोन वस्तू वेगळ्या कशा करायच्या? तेथे सूपही चालत नाही, चाळणीही चालत नाही.

घरी एक गंमत करून पाहा. शाळेतला पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने सभोवार रेघ ओढा. थाळीत जरासे पाणी घालून खडू त्यात उभा करा. रेघ मात्र बुडू देऊ नका. पाणी खडूत आपोआप वर चढते. रेघेपाशी आले की शाईही त्याच्याबरोबर चढू लागते. थोड्या वेळाने पाहाल तर कुठे निळा पट्टा, कुठे तांबडा. म्हणजे ती शाई नुसती काळी नव्हती. तिच्यात दोन-तीन रंग मिसळलेले होते!

असे का होते? समजा, दवनीवाड्याहून दोघे जण पायी गोंदियाला निघाले. एकाची वाटेत कोणाशी ओळख नाही. तो सरळ चालतो. दुसरा घरोघरी रामराम करतो, चहाला बसतो. निघाले बरोबर, पण दोघांत अंतर पडतेच. रंगांचेही तसेच आहे. पाणी त्यांना वर नेते, खडू त्यांना धरून ठेवतो. ज्याला खडू जास्त धरतो, तो मागे राहतो.

त्स्वेत नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून पानांतले हिरवे-पिवळे रंग असेच वेगळे केले. 1906 साली त्याने या रीतीला 'क्रोमॅटोग्राफी' हे नाव दिले. मराठीत तिला वर्णलेखन म्हणतात.

रंग नसलेल्या वस्तूही या रीतीने वेगळ्या होतात. आपल्याकडे उभ्या धानात लाखोळी फेकतात. पीक चांगले, डाळही चवदार. पण दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय ताठरतात. माणूस काठी टेकत चवड्यांवर चालतो. गेलेले पाय परत येत नाहीत. रीव्याकडे मजुरांना मजुरीत हीच डाळ मिळे, आणि तेच लुळे होत.

दोष दाण्यात आहे हे लोक ओळखून होते. पण दाण्यात नेमके काय? 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी ते विष वेगळे काढले. त्या कामी हीच रीत उपयोगी पडली. विष ओळखले गेले, म्हणून ते मोजता येऊ लागले. मोजता आले, म्हणून कमी विषाचे वाण निवडता आले. रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे 'प्रतीक' आणि 'महातिवडा' हे त्यांतलेच.

हे विष पाण्यात विरघळते, हेही कळले. म्हणून डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजत ठेवावी. विषाचा बराच भाग पाण्यात उतरतो, सगळा नाही. तेव्हा रोज एकट्या लाखोळीवर राहू नये. आणि भिजवलेले पाणी वरणात घालू नये. ते ओतून द्यावे.