वाळूतली अंगठी कोणाची?

थंड पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी कधी निसटते ते कळतही नाही. सोने जड असल्याने लाटांनी वाळू हलली की ती खाली खाली जाते. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर ओहोटी लागली की मेटल डिटेक्टर घेऊन अशा वस्तू शोधणारे हौशी लोक दिसतात. यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला की ते बदलते आणि आवाज येतो. खाऱ्या, ओल्या वाळूत मात्र साधे यंत्र फसते.

पण यंत्र धातू दाखवते, मालक नाही. तिथल्या कायद्याने, मालक सापडण्यासारखा असूनही वस्तू ठेवून घेणे ही चोरीच. आपल्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१४ खाली तर अंगठीचेच उदाहरण आहे: मालकाचा शोध न घेता सापडलेली अंगठी लगेच विकणारा गुन्हेगार ठरतो.

शरीअतमध्ये अशा वस्तूला ‘लुकता’ म्हणतात. तिची थैली व दोरी नीट ओळखून ठेवावी आणि वर्षभर जाहीर करावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे. खूण कशासाठी? मागणाऱ्याने ती अचूक सांगितली, तरच मालक पटतो. म्हणून जाहीर करताना ‘दागिना सापडला’ एवढेच सांगा. आत कोरलेले नाव सांगू नका.

समुद्रावर जाताना दागिने घरीच ठेवावेत. आणि आपल्या मुलाला वाळूत काही चमकताना दिसले, तर ‘नशीबवान आहेस’ म्हणण्याआधी ‘कोणाचे असेल?’ असे विचारावे. अमानतीचा पहिला धडा तिथेच मिळतो.