शेजार, नकाशा, वाट : ओएसपीएफविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन कोअर स्विच, मधे फायबर, दोन्हीकडे हिरवे दिवे. एका स्विचवरून दुसऱ्याला पिंग जातोय. तरीही या इमारतीतल्या लोकांना पलीकडच्या इमारतीतला सर्व्हर सापडत नाही आणि फोन खणखणतोय. नेटवर्कच्या कामात ज्यांनी रात्री जागवल्यात त्यांना हा प्रसंग नवा नाही. माझ्या वाट्याला आला तेव्हा मी पहिला तासभर ऐकीव समजुतींच्या मागे धावलो.

कॅम्पस, रुग्णालय, कारखाना अशा ठिकाणी कोअर स्विचांमध्ये बरेचदा ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल चालतो. जॉन मॉय यांनी लिहिलेली त्याची दुसऱ्या आवृत्तीची संहिता, आरएफसी २३२८, एप्रिल १९९८ची आहे. त्याचं काम तीन टप्प्यांत होतं. आधी शेजार जुळतो. मग शेजारी आपापली माहिती एकमेकांना देऊन एरियाचा, म्हणजे नेटवर्कच्या त्या भागाचा, एकच नकाशा तयार करतात. शेवटी प्रत्येक स्विच त्या नकाशावरून स्वतःपुरती स्वस्तातली, म्हणजे कमी कॉस्टची, वाट काढतो. वाट काढण्याची ही रीत एड्सगर डायक्स्ट्रा यांना १९५६मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका कॅफेत वीसेक मिनिटांत सुचली, तीही कागद-पेन्सिलीशिवाय. शेजार, नकाशा, वाट हे तीन टप्पे वेगळे ठेवले की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज १ : पिंग जातो, म्हणजे शेजार जुळायलाच हवा.

वस्तुस्थिती : एक छोटं पॅकेट जाऊन परत आलं, एवढंच पिंग सांगतो. ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही; त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे आणि शेजारी शोधणारे त्याचे हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. एखाद्या अ‍ॅक्सेस लिस्टने ते अडवले, तर पिंग सुरळीत आणि शेजार मात्र गायब. शिवाय एरिया, हॅलो आणि डेड टायमर, ऑथेंटिकेशन, एरिया स्टब आहे की नाही, आणि इथरनेटच्या नेहमीच्या मांडणीत सबनेट मास्क, हे सगळं दोन्हीकडे तंतोतंत सारखं लागतं. एकीकडे हॅलो १० सेकंदांचा आणि दुसरीकडे ३०चा असेल, तर दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. प्रोसेस क्रमांक मात्र सारखा नसला तरी चालतो. तो त्या त्या स्विचपुरता असतो.

सगळ्यात फसवा प्रकार एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा. एकीकडे १५०० आणि दुसरीकडे जम्बो फ्रेमसाठी ९००० ठेवलं, तर हॅलो छोटे असल्यामुळे आरामात पोचतात आणि शेजारी दिसूही लागतो. पण माहितीची देवाणघेवाण सुरू करताना दोघं आपापला एमटीयू सांगतात. समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल, तर स्विच ते पॅकेट नाकारतो. मग गाडी ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’ या अवस्थेत अडकून बसते. इथे एमटीयूकडे दुर्लक्ष करायला सांगणारी आज्ञा देऊन मोकळं होण्याचा मोह होतो. त्याने शेजार जुळेलही, पण फरक तसाच राहतो आणि पुढे मोठी पॅकेट गळू लागली की दुखणं पुन्हा वर येतं. दोन्हीकडचा एमटीयू सारखा करावा आणि त्याच आकाराचा, तुकडे न करण्याची अट घातलेला पिंग पाठवून खात्री करावी.

गैरसमज २ : शेजाऱ्याची अवस्था ‘फुल’ दिसली की सगळं ठीक, नाही दिसली की बिघाड.

वस्तुस्थिती : या समजाची दोन्ही अर्धी टिकत नाहीत. एकाच व्हीलॅनवर चार-पाच स्विच असतील, तर त्यांच्यातून एक डीआर (डेसिग्नेटेड राउटर) आणि एक बीडीआर (त्याचा राखीव) निवडला जातो. बाकीचे या दोघांशीच ‘फुल’ होतात आणि आपापसात ‘टू-वे’वर थांबतात. हा बिघाड नव्हे, तशी रचनाच आहे. एकदा निवडलेला डीआर नंतर जास्त प्रायॉरिटीचा स्विच आला तरी खुर्ची सोडत नाही, हेही ध्यानात असावं.

उलट बाजूने, ‘फुल’ असूनही रूट न येण्याचा प्रकार घडतो. लिंकचं एक टोक पॉइंट-टू-पॉइंट आणि दुसरं ब्रॉडकास्ट ठेवलं, तर दोन्हींचे टायमर मुळात १० आणि ४० सेकंदांचेच असल्यामुळे शेजार बिनतक्रार जुळतो. पण त्या एकाच लिंकचं वर्णन दोघं नकाशावर वेगवेगळं करतात, टोकं जुळत नाहीत आणि रूट बसत नाहीत. शेजार पक्का, नकाशा फाटका. मधे फक्त दोनच स्विच असलेली लिंक दोन्हीकडून पॉइंट-टू-पॉइंट ठेवावी. डीआरची निवडणूक आणि तिच्यासाठीची ४० सेकंदांपर्यंतची वाट पाहणं, दोन्ही टळतं.

गैरसमज ३ : ‘नेटवर्क’ ही ओळ लिहिली की ते नेटवर्क जाहीर होतं.

वस्तुस्थिती : ही ओळ जाहिरात करत नाही. ती इंटरफेस निवडते. तिच्यात बसणारा पत्ता ज्या इंटरफेसवर आहे तिथे ओएसपीएफ सुरू होतो आणि मग त्या इंटरफेसचं सबनेट त्याच्या खऱ्या मास्कसह जाहीर होतं. म्हणून ढिला वाइल्डकार्ड मास्क लिहिला की लोकांचे संगणक असलेल्या व्हीलॅनवरही हॅलो जाऊ लागतात. तिथे इंटरफेस पॅसिव्ह करावा. पॅसिव्ह केल्याने ते सबनेटच जाहीर होत नाही, हा त्याला चिकटलेला दुसरा गैरसमज. हॅलो थांबतात, सबनेट जाहीर होतच राहतं. आणखी एक : व्हीलॅनचं एकही पोर्ट चालू नसेल, तर त्याचा इंटरफेस खालीच राहतो आणि ओएसपीएफला तिथे जाहीर करायला काही उरत नाही.

गैरसमज ४ : कॉस्ट लिंकचा वेग आपोआप ओळखते.

वस्तुस्थिती : ओळखते, पण जुन्या मापाने. सिस्कोच्या अनेक स्विचांत आधाराचा वेग १०० मेगाबिट धरलेला असतो. त्याला लिंकच्या वेगाने भागायचं, उत्तर एकाच्या खाली गेलं तरी कॉस्ट १च. म्हणजे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट, तिन्हींची कॉस्ट सारखी! गल्ली, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग, सगळीकडे एकच टोल असावा तसं हे. मग १० गिगाबिटच्या शेजारी राखीव म्हणून ठेवलेली १ गिगाबिटची लिंक बरोबरीची ठरते, रहदारी दोन्हींवर वाटली जाते आणि धीमी लिंक तुंबते. आधाराचा वेग वाढवावा, पण सगळ्या स्विचांवर एकसारखा. एकावरच बदलला तर प्रत्येक जण वेगळ्या फूटपट्टीने मोजू लागतो.

गैरसमज ५ : ओएसपीएफने रूट दिला, म्हणजे पॅकेट त्याच वाटेने जाणार.

वस्तुस्थिती : स्विच आधी पाहतो तो सर्वांत नेमका प्रीफिक्स. /२४चा रूट असेल तर /१६चा कितीही चांगला असला तरी बाजूला पडतो. प्रीफिक्स सारखाच असेल, तर माहिती कुठून आली त्यावर मान ठरतो. सिस्कोत स्टॅटिक रूटचा आकडा १, ओएसपीएफचा ११० आणि लहान आकड्याला पहिला मान. म्हणून ‘असू दे राखीव’ म्हणून ठेवलेला स्टॅटिक रूट राखीव राहत नाही, तोच मालक होतो. तो खरोखर राखीव हवा असेल, तर त्याला ११०हून मोठा आकडा द्यावा लागतो.

सुरुवातीच्या त्या रात्री हेच निघालं. शेजार फुल, नकाशा बरोबर. पण जुन्या स्थलांतराच्या वेळी कुणीतरी ‘तात्पुरता’ घातलेला एक स्टॅटिक रूट सर्व्हरची पॅकेट भलत्याच दिशेला नेत होता. मी तासभर शेजार तपासत होतो आणि पाणी वाटेत मुरत होतं.

गैरसमज ६ : डायनॅमिक राउटिंग आहे, लिंक तुटली की लगेच दुसरी वाट धरेल.

वस्तुस्थिती : फायबर थेट जोडलेलं असेल आणि तुटलं, तर इंटरफेस खाली जातो आणि बदल लवकर होतो. पण मधे मीडिया कन्व्हर्टर किंवा सेवादाराचा स्विच असेल, तर पलीकडची तार तुटली तरी आपल्याकडचा दिवा हिरवाच राहू शकतो. मग हॅलो येणं थांबलं हे कळायला डेड टायमरचे ४० सेकंद जातात. हे टाळण्यासाठी बीएफडी वापरतात. तो शेजाऱ्याची नाडी सेकंदाच्या अंशात तपासतो.

गैरसमज ७ : काही सुचत नसेल तर प्रोसेस रीसेट करावी.

वस्तुस्थिती : रीसेटने त्या स्विचचे सगळे शेजार एकदम तुटतात, चालू असलेली रहदारीही हलते आणि बिघाडाचा पुरावा पुसला जातो. राउटर आयडी बदलल्यावर तो लागू करायला रीसेट लागतो. तोही सामसूम असताना आणि रहदारी आधी दुसऱ्या स्विचकडे वळवून. एरवी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत रीसेटला हात लावू नये.

राउटिंग प्रोटोकॉल सांगितलेलं निमूट ऐकतात, हे जगाने ४ ऑक्टोबर २०२१ला पाहिलं. फेसबुकच्या नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. डेटा सेंटर दिसेनाशी होताच त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी ठरल्याप्रमाणे बीजीपी या इंटरनेटवरच्या राउटिंग प्रोटोकॉलमधून आपले पत्ते मागे घेतले. त्या सोमवारी रात्री आपल्याकडची व्हॉट्सअ‍ॅपंही गप्प झाली आणि पूर्ववत व्हायला सहाएक तास लागले. बीजीपीने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

म्हणून बिघाड आला की क्रम मोडू नये. आधी शेजाऱ्यांची यादी : कोण आहे, कोणत्या अवस्थेत आहे. मग डेटाबेस : हवं ते सबनेट नकाशावर आहे का, कुणी जाहीर केलंय. मग राउटिंग टेबल : प्रत्यक्षात वाट कुणाची धरलीय. पहिल्या दोन्हींत सगळं ठीक आणि तिसऱ्यात वाट भलतीच निघाली, तर जुने स्टॅटिक रूट आधी शोधावेत. माझा तो तास वाचला असता.