रेडिओतली घरघर वायरीतून येते

वालूरला घरात परभणी आकाशवाणी (१३०५ किलोहर्ट्झ) लावली आणि शेजारी हलक्या दर्जाचा मोबाईल चार्जर असला, की घरघर सुरू! चार्जरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. हा गोंगाट बाहेर पडतो तो मुख्यतः वायरीतून. वायरच अँटेना बनते.

उपाय आहे फेराइट रिंग. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा काळा फुगीर भाग म्हणजे हीच. चार्जरची केबल अख्खी रिंगमधून न्यायची, तारा सुट्या करायच्या नाहीत. कामाचा प्रवाह एका तारेतून जातो, दुसरीतून परततो, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. सगळ्या तारांतून एकाच दिशेने धावणारा गोंगाट तेवढा अडतो. मीडियम वेव्हला एक वेढा पुरत नाही. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून रिंगमध्ये मावतील तेवढे घ्या, आणि रिंग चार्जरला खेटून ठेवा.

वायरच टाळली तर हा प्रश्नच उरत नाही. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संकेत मुख्य इमारतीत ऑप्टिकल फायबरने येतात. काचेतून वीजप्रवाहच वाहत नाही, मग गोंगाट फेकणार कोण? मला ही रचना फार आवडते.