जाहिरात आणि आवतण

‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचें सोनेंहि विकत नाहीं,’ अशी एक म्हण आपल्या बाजारपेठांतून नेहमीं ऐकूं येते. दुकान मांडून बसलेला प्रत्येक मनुष्य ती मनाशीं घोकीत असतो, आणि तिचा अर्थ बहुधा असा घेतो कीं, मालापेक्षां तोंड मोठें असावें. वस्तु कशीहि असो, तिचा डांगोरा पिटला म्हणजे झालें. हा अर्थ अर्धाच खरा आहे. माती एकदां खपेल. पण त्याच गिऱ्हाइकाला ती दुसऱ्यांदा विकण्याची वेळ आली म्हणजे बोलणाऱ्याची खरी कसोटी लागते.

जाहिरातीचें शास्त्र आज महाविद्यालयांतून शिकविलें जातें, आणि त्यावरील बहुतेक ग्रंथ परदेशीय आहेत. तथापि ज्या समाजानें लग्नाचें आवतण, संक्रांतीचें वाण आणि दिवाळीच्या फराळाचें ताट ह्या रूढि पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या, त्याला ह्या शास्त्राचीं मूलतत्त्वें अगदींच अपरिचित नाहींत. तीं घरांतल्या घरांत रोज पाळलीं जातात. दुकानाच्या पायरीवर मात्र त्यांचा विसर पडतो.

उदाहरणादाखल घरगुती फराळ करून विकणारी एखादी गृहिणी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या हातीं भांडवल थोडें. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतचे काय ते तीन आठवडे तिच्या धंद्याचे. बेसन, तूप आणि तेल ह्यांत गुंतविलेला पैसा तेवढ्या अवधींत मोकळा झाला नाहीं, तर तिची वर्षाची शिल्लक बुडाली. वर्तमानपत्रांत मोठी जाहिरात देणें तिला परवडत नाहीं. अशा बाईनें कोणाशीं, केव्हां आणि काय बोलावें ?

प्रथम ‘कोणाशीं’ हा प्रश्न घेऊं. गांवांत निरोप पोंचविण्याचे दोन मार्ग पूर्वापार चालत आले आहेत; एक दवंडीचा आणि दुसरा आवतणाचा. दवंडीवाला चव्हाट्यावर उभा राहून हलगी वाजवितो, लोकांचे कान आपल्याकडे वळवितो, आणि कोणाच्या हुकमावरून, काय, कोठें व केव्हां होणार एवढें सांगून पुढच्या चौकाकडे वळतो. सर्वांना सारखीच लागू असलेली गोष्ट कळविण्यास हा मार्ग उत्तम होय. परंतु दवंडी ऐकून कोणी लग्नाला जात नाहीं. लग्नासाठीं अक्षत निघते. पहिली अक्षत गणपतीपुढें आणि कुलदैवतापुढें ठेवावयाची, मग यजमान व यजमानीण घरोघर जावयाचीं. बायकांना कुंकू लावून, पुरुषांच्या हातीं अक्षता देऊन, घरांतील वडील माणसाला उद्देशून ‘सर्वांनीं यावयाचें’ असें तीं सांगतात. छापील पत्रिका टपालानें वेळेवर आली असली, तरी ‘घरीं येऊन कोणी बोलावलें नाहीं’ हा रुसवा कित्येक घरांतून वर्षानुवर्षें टिकतो. पत्रिकेंत मजकूर पूर्ण असतो. उणीव एवढीच कीं, तो मजकूर कोणा एकाला उद्देशून नसतो.

फराळ करणाऱ्या गृहिणीनें दवंडीच्या मोहांत न पडतां अक्षतीचा मार्ग धरावा. ओळखीच्या तीस घरांची याद तिनें करावी. एका घरांत वृद्ध सासरे आहेत. त्यांच्या दातांना कडक चकली चालणार नाहीं. दुसऱ्या घरांतील मुलगा अमेरिकेंत आहे; तेथें आईची चिंता ही कीं, धाडलेल्या डब्यांतील करंज्या वाटेंत फुटतील. तिसऱ्या घरीं नवराबायको दोघेंहि नोकरीला. त्यांना वेळेवर घरपोंच मिळालें म्हणजे पुरे. फराळ एकच, पण तीन घरीं सांगावयाची गोष्ट निराळी. हें ज्याला उमजलें, त्याला आजच्या विक्रीशास्त्रांतील पहिला पाठ येऊन गेला म्हणावयाचें.

दुसरा प्रश्न वेळेचा. वासुदेव येतो तो पहाटे. मोरपिसांची उंच टोपी आणि चिपळ्यांचा नाद ह्यांची त्या वेळेशीं अशी सांगड बसली आहे कीं, भर दुपारीं तोच वासुदेव दारीं उभा राहिला तर त्याला दान मिळेल कीं नाहीं ह्याची शंकाच आहे. वेळ साधण्याचें व्यापारांतील एक उदाहरण मराठी घरांना परिचित आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान व्हावयाचें. त्याला तेल, उटणें लागतें. ह्या स्नानाशीं टाटा ऑईल मिल्सच्या ‘मोती’ ह्या गोल साबणानें आपलें नांव जोडून घेतलें. १९९३ सालीं ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्यें विलीन झाली, तरी साबणाचें आणि दिवाळीचें नातें तुटलें नाहीं. इतर दिवशीं दुसरा साबण वापरणाऱ्या कित्येक घरांत त्या एका पहाटेसाठीं ‘मोती’ची वडी आणली जाते. कारखानदारानें येथें नवी रूढि निर्माण केली नाहीं. असलेल्या रूढींतील एक रिकामा पाट ओळखून तो त्यावर वेळेवर येऊन बसला.

ह्याच्या उलट, दुपारीं जरा डोळा लागला असतां मोबाइल वाजावा आणि पलीकडून अनोळखी आवाजानें कर्ज घेण्याचा आग्रह करावा, हा अनुभव सार्वत्रिक आहे. असल्या नकोशा व्यापारी हांकांना लोक इतके त्रासले कीं, त्या टाळूं इच्छिणारांची नोंदवही २००७ सालीं भारतांत सुरू करावी लागली. ज्या बोलावण्यापासून बचाव करण्यासाठीं माणसांना सरकारदरबारीं नांव नोंदवावें लागतें, तें आवतण नव्हे.

तिसरी गोष्ट देण्याची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरीं हळदीकुंकू होतें. आदल्या दिवशीं लहान मुली शेजारीं जाऊन निरोप सांगतात. संध्याकाळीं बायका जमतात. हळदकुंकू, तिळगूळ, आणि त्यावर एखादें वाण. वाण म्हणजे वाटी, फणी, गाळणी, असली एखादी लहानशी पण संसाराला उपयोगी वस्तु. ती देण्याला मराठींत ‘वाण लुटणें’ असें म्हणतात. देणाऱ्यानें हिशेब न ठेवतां घेणाऱ्यांना लुटूं द्यावें, असा त्या शब्दाचा भाव. पुढें वर्षभर चहा गाळतांना त्या घराची आठवण निघते, ती वेगळीच. पण आठवणीसाठीं म्हणून कोणी गाळणी देत नाहीं.

व्यापाऱ्यांनीं हें मर्म फार पूर्वीं हेरलें. राजा रविवर्मा ह्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना सुरू केला, आणि लक्ष्मी, सरस्वती ह्यांचीं रंगीत चित्रें सामान्य माणसाच्या घरांत पोंचलीं. पुढें तशा चित्रांच्या दिनदर्शिका छापून साबण आणि औषधें करणाऱ्या कारखानदारांनीं त्यांखालीं आपलीं नांवें घातलीं. एरवीं एका दिवसांत रद्दींत जाणारी जाहिरात अशा रीतीनें बारा महिने भिंतीवर राहूं लागली. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकर ह्यांनीं ‘कालनिर्णय’ काढलें, तेव्हां तिथि, सण आणि व्रतें ह्यांबरोबर पानाच्या पाठीमागें पाककृति व उपयुक्त लेख आले. दुधाचा हिशेब, गॅस आल्याची तारीख, मुलांच्या परीक्षा ह्यांच्या नोंदी त्याच पानांवर होऊं लागल्या. अशा पानावरील जाहिरातीला घरांत जागा मिळते, ती पानाच्या उपयोगामुळें. आपल्या फराळवाल्या गृहिणीनें छापील चिठ्ठ्या वाटण्याऐवजीं चार शंकरपाळे आणि एक लाडू पुडींत बांधून दिला, तर तिचें वाण पोंचलें असें समजावें.

पण ह्या सर्वांहून थोर धडा आहे तो फराळाच्या ताटाचा. दिवाळींत शेजारीं ताट जातें; वर भरतकामाचा रुमाल झांकलेला असतो. तें ताट रिकामें परत करावयाचें नाहीं, असा दंडक आहे. त्या घरीं फराळ व्हावयाचा असला, तर निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालतात. ताटाबरोबर शब्दहि परत येतात. ‘अनारसे छान जाळीदार झाले हो !’ असें कोणी सांगतें. आणि अधिक जवळची असेल ती हळूच म्हणते, ‘चकलीला मोहन कमी पडलें का, वहिनी?’ हें दुसरें वाक्य लाख मोलाचें. तें ऐकून जी वहिनी रागावते, तिची चकली पुढच्या वर्षींहि तशीच होते. जी मोहनाचें माप बदलते, तिचें नांव आळींत होतें.

बहुतेक दुकानदार ताट पाठवितात आणि तें परत येण्याची वाट पाहत नाहींत. त्यांना आपलें सांगणें म्हणजेच संवाद वाटतो. वास्तविक गिऱ्हाइकाचें उत्तर आल्यावांचून संवाद पुरा होत नाहीं. तक्रार घेऊन आलेला मनुष्य म्हणजे रिकामें न आलेलें ताट होय. ज्याला पुन्हा त्या दुकानाची पायरी चढावयाची नसते, तो तक्रारसुद्धां करीत नाहीं. तो मुकाट्यानें शेजारच्या दुकानांत जातो. फराळ करणाऱ्या गृहिणीनें भाऊबीज झाल्यावर तीसहि घरीं पुन्हा एक फेरी करावी, आणि ‘कसें झालें होतें ?’ एवढेंच विचारावें. विकावयाला कांहीं नसतांना जो विचारपूस करतो, त्याचें विक्रीच्या वेळचें बोलणें लोक विश्वासानें ऐकतात.

आतां राहिलें काय बोलावें तें. ह्यासाठीं महाराष्ट्राच्याच उद्योगांतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां शेतकऱ्यांचा समज असा होता कीं, लोखंडानें जमिनींत विष भिनेल. पिढ्यान् पिढ्या लांकडी नांगर धरलेल्या माणसाला ही भीति खरी होती. कारण जमीन बिघडली तर त्याचें सर्वस्वच जाणार. असली भीति मोठ्या अक्षरांनीं जात नाहीं. नांगर मातींत चालला पाहिजे, आणि त्या मातींतून पीक वर आलें पाहिजे. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. आणि १९२० सालीं तेथून शंकरराव किर्लोस्कर ह्यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र काढलें. कारखान्याच्या वार्तेसाठीं निघालेल्या ह्या पत्राचें पुढें ‘किर्लोस्कर’ हें मासिक झालें, आणि ज्यांनीं जन्मांत नांगर विकत घेतला नाहीं अशा हजारों वाचकांनीं तें आवडीनें वाचलें. आधीं फाळाची पारख झाली होती. म्हणून मागाहून आलेल्या शब्दालाहि वजन आलें.

मात्र सणांपासून धडा घेणें वेगळें आणि सणांना राबविणें वेगळें. विजयादशमीला आपट्याचीं पानें ‘सोनें’ म्हणून वाटतात. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठीं कुबेरानें सुवर्णवृष्टि केली, कौत्सानें गरजेपुरतें घेतलें, आणि उरलेलें लोकांनीं लुटून नेलें, अशी त्यामागची कथा आहे. अर्थात् गरजेपुरतें घ्यावें आणि बाकीचें वांटून टाकावें, हाच त्या सोन्याचा अर्थ ठरतो. ज्याच्या खिशांत दमडी नाहीं, तोहि एक पान देऊन थोरामोठ्यांना भेटूं शकतो. त्याच दिवशीं ‘आज खरें सोनें न घ्याल तर मुहूर्त हुकला’ अशा जाहिराती झळकतात, तेव्हां सणाचा अर्थ नेमका उलटा केलेला असतो. साडेतीन मुहूर्तांचें माहात्म्य एवढेंच कीं, त्या दिवशीं शुभकार्य आरंभण्यास निराळा मुहूर्त पाहावा लागत नाहीं. खरेदी न केल्यास अशुभ होतें, असा त्याचा अर्थ नव्हे. ह्या भीतीपोटीं जें कुटुंब हप्त्यांनीं दागिना घेतें, त्याच्या दारांत पाडव्याला तोरण लागतें खरें, पण हप्ता फेडतांना पुढची दिवाळी कोरडी जाते.

ह्या अनर्थाला आळा घालण्यासाठीं कायदाहि आहे. चमत्कारिक औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानें बंदी घातली. १९८५ सालीं जाहिरात करणारांनीं स्वतःच्या नियमनासाठीं परिषद स्थापिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठीं पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. असल्या जाहिरातींत आपला चेहरा देणाराहि त्यांतून सुटत नाहीं. परंतु लग्नाचें आवतण देणाऱ्याला कोणत्याहि कायद्याची भीति नसते. तरीहि ‘जेवावयास या’ असें सांगून तो पाहुण्याला उपाशी परत धाडीत नाहीं. कारण बोलावलेल्या माणसाचा भार बोलावणाऱ्याच्या शिरावर असतो, हें त्याला लहानपणापासून ठाऊक असतें. जाहिरात हेंहि बोलावणेंच आहे. गिऱ्हाईक दुकानांत आल्यावर त्याच्या पैशाचा आणि विश्वासाचा भार दुकानदारावर पडतो, एवढी जाण ठेवली तर पुष्कळसे नियम आपोआप पाळले जातील.

आरंभींच्या म्हणींतली माती एका ठिकाणीं मात्र खरोखरच दरवर्षीं खपते. होळीच्या सुमारास कुंभार बाजारांत माठ मांडून बसतो. घेणारी बाई माठ उचलते, आणि बोटाच्या पेरानें त्यावर टिचकी मारते. पक्का भाजलेला माठ खणखणीत वाजतो. तडा गेलेला बद्द आवाज करतो. कुंभार त्या वेळीं कांहीं बोलत नाहीं, आणि तिला टिचकी मारण्यास मनाहि करीत नाहीं.